खाराचे मीठ वेगळे, आमटीचे वेगळे : पारंपरिक पदार्थांसाठी मीठ निवडण्याची रीत

आमटीच्या पातेल्यात मीठ एकदा विरघळले की ते कोणत्या बाटलीतून आले होते, हे जिभेला ओळखता येत नाही. मी हा प्रयोग घरी करून पाहिला आहे. एकाच तुरीच्या वरणाचे तीन वाटे केले. एकात पिशवीतले बारीक मीठ, दुसऱ्यात शेंदेलोण, म्हणजे सैंधव, आणि तिसऱ्यात मिठागरातले खडे कुटून घातले, तिन्हींचे वजन मात्र सारखे ठेवले. जेवायला बसलेल्या पाच जणांपैकी एकालाही फरक सांगता आला नाही. हीच तीन मिठे कैरीच्या तीन बरण्यांत घातली असती, तर आषाढ संपायच्या आत त्या बरण्यांतली पाणी वेगवेगळी दिसली असती. विशेष मिठाच्या बाटल्या आता प्रत्येक मोठ्या दुकानात मांडलेल्या असतात आणि त्यांच्या किमती पाहून गोंधळायला होते. म्हणून सुरुवातीलाच एक खूणगाठ बांधलेली बरी : जिथे मिठाला काम करायला दिवस-आठवडे मिळतात, किंवा जिथे त्याचा दाणा किंवा वास शेवटपर्यंत शिल्लक राहतो, तिथेच मीठ निवडून घ्यावे. उरलेल्या ठिकाणी ते फक्त मोजून घालावे.

मिठागरातले खडे कसे ओळखावेत

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक म्हणजे आपले खायचे मीठ. भरतीचे पाणी आगरात घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात असे खेळवत ते उन्हावर आटवले जाते. या आटण्याला एक क्रम असतो. आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, पाणी बरेच दाट झाल्यावर मिठाचे दाणे धरू लागतात, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार अगदी शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. जाणता आगरी हे शेवटचे कडू पाणी वेळीच काढून टाकतो. घाईने किंवा लोभाने सगळेच आटवले, तर मीठ वजनाला भरते पण चवीला कडवट लागते आणि पहिल्या पावसाळी हवेत पाणी सोडू लागते. उरण, पेण, वसई, भाईंदर, सिंधुदुर्गातले शिरोडे आणि गोव्यातले आगरवाडे ही या धंद्याची जुनी ठिकाणे होत. शिरोड्याचे नाव तर १९३० च्या मीठ सत्याग्रहामुळे इतिहासातही नोंदले गेले.

खरेदी करताना खडा हातात घेऊन पाहावा. चांगला खडा कोनदार आणि कोरडा असतो, दोन बोटांत दाबला तर चुरडत नाही, मोडला तर करकरून मोडतो. रंग किंचित राखाडी असला तर बिचकू नये, कारण तळाची चिकणमाती पायांनी तुडवून घट्ट केलेली असते आणि तिचा अंश मिठात येतोच. पाण्यात विरघळवून, पाणी थोडा वेळ स्थिर ठेवून, वरचे निवळ ओतून घेतले की माती तळाशी राहते. मात्र खडा ओलसर लागला आणि जिभेवर ठेवल्यावर खारटपणामागून कडवटपणा रेंगाळला, तर ते मीठ त्या वर्षी खारासाठी, म्हणजे फळे मिठात मुरवण्यासाठी, वापरू नये. आमच्या मावशीकडे असे मीठ बांबूच्या टोपलीत भरून, खाली पितळी नव्हे तर मातीचे भांडे ठेवून, पावसाळाभर टांगलेले असे. हवेतला ओलावा खेचून कडू क्षार आपोआप खाली ठिबकत आणि गणपतीनंतर टोपलीत उरलेले मीठ चवीला स्वच्छ झालेले असे. खाली गळलेले पाणी ती कशालाही वापरत नसे.

पिशवीतले बारीक मीठ खारासाठी का चालत नाही, याचे कारण साधे आहे. ते मोकळे वाहावे म्हणून त्यात जे पदार्थ मिसळतात, त्यांतले काही पाण्यात विरघळत नाहीत आणि खाराचे पाणी गढूळ करतात. शिवाय बारीक दाणा एकदम विरघळून तळाशी बसतो, तर खडा सावकाश विरघळत फळातले पाणी थोडे थोडे ओढून घेतो. समुद्री मिठात राहिलेला चुन्याचा आणि मॅग्नेशियमचा थोडा अंश फळाच्या सालीतल्या पेक्टिनला धरून ठेवतो आणि त्यामुळे कैरी पिचपिचीत न होता करकरीत राहते. ज्या थोड्या अंशामुळे मीठ शुद्ध नाही असे म्हणतात, तोच इथे उपयोगी पडतो.

चमचा बाजूला ठेवावा, वजनकाटा घ्यावा

पारंपरिक कृती बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण मिठाचा प्रकार नसून मिठाचे माप असते. आजीची ‘वाटीभर’ ही तिच्या घरातल्या वाटीची आणि तिच्या घरातल्या खड्याची असते. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा ६ ग्रॅम भरतो आणि त्याच चमच्यात कुटलेले खडे साडेचार ग्रॅमच बसतात, कारण दाण्यांमध्ये पोकळी राहते. किलोभर कैऱ्यांच्या खारात हा फरक वाढत वाढत बराच मोठा होतो आणि मग बरणीला बुरशी येते किंवा कैरी तोंडात धरवत नाही. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा कोणत्याही उंची मिठाच्या चार बाटल्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शंभर ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि पाणी उकळले तरी त्यात फारशी भर पडत नाही. त्यामुळे खाराचे पाणी उकळायचे ते जास्त मीठ मुरवण्यासाठी नव्हे, तर पाणी निर्जंतुक करण्यासाठी आणि मीठ लवकर विरघळावे म्हणून. उकळूनही तळाशी मीठ राहिले, तर प्रमाण चुकले आहे असे समजावे.

खारातली कैरी

चैत्रात रायवळ आंब्याच्या झाडाखाली वाऱ्याने पडलेल्या लिंबाएवढ्या कैऱ्या मिळतात. खारासाठी त्याच घ्याव्यात, पण पडून ठेचलेल्या नव्हेत. बाठा धरायच्या आधीची, सुरीने सहज आरपार कापली जाणारी, घट्ट कैरी हवी. गोव्यात या कोवळ्या कैऱ्यांना ‘तोरां’ म्हणतात. देठ अर्धा इंच ठेवून कापावे, म्हणजे फळाचे तोंड उघडे पडत नाही. कैऱ्या तासभर पाण्यात ठेवून चीक जाऊ द्यावा, नंतर पंचाने एक एक कोरडी पुसावी आणि सावलीत पसरून ठेवावी. हे पुसण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि ज्यांचा खार बिघडतो, त्यांतल्या निम्म्यांनी ते टाळलेले असते. देठाच्या खोबणीत राहिलेला एक थेंब पुढे आठवड्याने डोळ्यांना दिसतो.

आता प्रमाण. कैऱ्यांचे आणि पुढे घालायच्या पाण्याचे मिळून जे वजन होईल, त्याच्या १५ टक्के मीठ धरावे. म्हणजे एक किलो कैऱ्यांना एक लिटर पाणी घेतले, तर ३०० ग्रॅम मीठ लागेल. यातले निम्मे, १५० ग्रॅम, कोरडेच वापरायचे. चिनी मातीच्या किंवा जाड काचेच्या बरणीत तळाला मिठाचा थर, त्यावर कैऱ्यांचा थर, पुन्हा मीठ, असे भरत जावे आणि सगळ्यात वर मीठ यावे. ॲल्युमिनियमचे, पितळेचे किंवा कल्हई उडालेले भांडे घेऊ नये, कारण मीठ आणि आंबटपणा मिळून धातू खातात. बरणीच्या तोंडाला दादरा बांधून ती सावलीत ठेवावी आणि रोज एकदा तिरकी करून हलवावी.

पहिल्या दिवशी काहीच होत नाही असे वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला बोटभर पाणी दिसते, तिसऱ्या दिवशी वरचे खडे कडा झिजून गोल झालेले असतात आणि कैऱ्यांचा तजेलदार पोपटी रंग उतरून शेवाळी होऊ लागतो. साल किंचित सुरकुतते. बरणी उघडली की आंबट, ओल्या लाकडासारखा वास येतो. हा वास आला की दुसरा टप्पा करावा. उरलेले १५० ग्रॅम मीठ लिटरभर पाण्यात उकळावे, पूर्ण गार होऊ द्यावे, निवळ गाळून घ्यावे आणि बरणीत ओतावे. गार होईपर्यंत थांबणे अनेकांच्याने होत नाही. पहिल्या वर्षी माझ्याच्यानेही झाले नव्हते आणि कोमट पाण्याने वरच्या थरातल्या कैऱ्या शिजल्यासारख्या मऊ पडल्या होत्या.

कैऱ्या पाण्यावर तरंगतात आणि पाण्याबाहेर आलेला भाग बिघडतो. म्हणून वर एक लहान बशी उलटी ठेवून तिच्यावर धुऊन उकळलेला गुळगुळीत दगड ठेवावा. पाणी कैऱ्यांच्या वर दोन बोटे असले पाहिजे. तीन-चार आठवड्यांत कैरी आतपर्यंत मुरते. कापली की आतला गर बाहेरच्या रंगाचा झालेला दिसतो, मध्ये पांढरट भाग राहिला असेल तर अजून आठवडा थांबावे. पाण्यावर पातळ पांढरी साय धरली, तर घाबरू नये, ती स्वच्छ कोरड्या डावाने काढून टाकावी आणि पाणी कमी झाले असल्यास त्याच प्रमाणाचे मीठपाणी उकळून, गार करून घालावे. लव असलेली हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, वास कुजकट आला किंवा पाणी तारेसारखे चिकट झाले, तर मात्र वरवरचे काढून उरलेले वाचवण्याचा मोह धरू नये, बरणीच रिकामी करावी.

पावसाळ्यात उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर ही कैरी लागते तशी दुसरी कशाबरोबर लागत नाही. धुऊन, फोडी करून, त्यांवर हिरवी मिरची ठेचून आणि खोबरेल तेलाचा थेंब टाकला की झाले. आमटीत किंवा माशाच्या सारात घालायची असेल, तर अर्धा तास साध्या पाण्यात भिजत ठेवावी आणि त्या पदार्थात मीठ सगळ्यात शेवटी, चव पाहूनच घालावे. बहुतेक वेळा घालावेच लागत नाही. कापे फणसाचे कच्चे गरे याच रीतीने खारवता येतात आणि श्रावणात त्यांची भाजी होते, मात्र गऱ्यांना स्वतःचा आंबटपणा नसल्यामुळे मिठाचे प्रमाण २० टक्क्यांखाली आणू नये आणि वापरण्यापूर्वी ते दोन-तीन पाण्यांतून काढावेत.

रातांबे आणि आगळ

आगळ, म्हणजे रातांब्यांचा (कोकमाच्या फळांचा) खारवलेला रस, करणे कैरीपेक्षा सोपे आहे. वैशाखात पिकलेले गडद लाल रातांबे धुऊन, पुसून फोडावेत, बिया आणि त्यांभोवतीचा गर वेगळा काढावा आणि किलोभर सालींना १५० ते २०० ग्रॅम खडे मीठ थर देत बरणीत भरावे. पाणी अजिबात घालायचे नाही. रोज ढवळले की आठवडाभरात साली बुडतील इतका जांभळट रस सुटतो. तो गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरला की आगळ तयार होते आणि उरलेल्या सालींना तोच रस चोळत उन्हात वाळवत गेले की आमसुले होतात. सोलकढीला आगळ वापरताना त्यातले मीठ आधीच हिशोबात धरावे. नारळाच्या दुधात आगळ घालून, चव घेऊन, मगच चिमूटभर मिठाचा विचार करावा. बाजारात साखर घातलेले अमृत कोकमही अशाच बाटल्यांत मिळते, त्यामुळे बाटलीवरचे नाव वाचूनच घ्यावे. गोड सोलकढी एकदा पाहुण्यांना वाढून झाल्यापासून मी तरी वाचतो.

शेंदेलोण आणि पादेलोण

सैंधव म्हणजे सिंधूच्या प्रदेशातले, आणि घरगुती मराठीत त्याचेच शेंदेलोण झाले. ‘लोण’ म्हणजे लवण, ज्याच्यापासून लोणचे आले. पंजाबातल्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या, खेवडा येथील खाणी या मिठासाठी सर्वांत प्रसिद्ध आहेत, आणि भारतात हिमाचलातल्या मंडीजवळही असे खाणीचे मीठ निघते. गुलाबी छटा लोहाच्या अंशामुळे येते. पांढरे शेंदेलोणही तितकेच अस्सल असते. त्यातल्या खनिजांच्या मोठमोठ्या याद्या छापलेल्या असतात, पण रंग कोणताही असो, त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग साधे सोडियम क्लोराइडच असतो आणि चिमटीतून पोटात जाणाऱ्या मिठात उरलेल्या खनिजांचे प्रमाण नगण्य असते. आयुर्वेदाने पाच लवणांत सैंधवाला श्रेष्ठ मानले आहे आणि उपवासाला ते चालते, एवढ्या परंपरेसाठी ते घरात असावे. त्याचा चांगला उपयोग मला दोन ठिकाणी दिसतो. एक, साबुदाण्याच्या खिचडीवर किंवा काकडीच्या फोडींवर वरून भुरभुरवताना, कारण तिथे दाणा जिभेवर फुटतो. दुसरा, ताकात, जिथे कडवटपणाचा लवलेशही चालत नाही. खाराच्या बरणीत ते घातले तर बिघडत काही नाही, फक्त पैसे जास्त जातात.

पादेलोणाचे, म्हणजे काळ्या मिठाचे, तसे नाही. ते तयार केलेले मीठ आहे. मीठ हिरड्यासारख्या द्रव्यांबरोबर मडक्यात बंद करून भट्टीत बराच वेळ तापवतात. त्यात गंधकाचे संयुग तयार होते आणि तोच तो उकडलेल्या अंड्यासारखा वास. अखंड खडा काळसर जांभळा दिसतो, पूड मात्र गुलाबी होते, त्यामुळे डब्यात ती शेंदेलोणाशेजारी ठेवताना चिठ्ठी लावावी. हा वास उडून जाणारा आहे, म्हणून पादेलोण शिजताना कधीच घालू नये. पन्हे, मठ्ठा, कैरीची ओली चटणी, आवळ्याची सुपारी यांत अगदी शेवटी घालावे, आणि साध्या मिठाच्या जागी नव्हे तर त्याच्या जोडीला : मिठाचा एकूण अंदाज चार चिमटी असेल, तर तीन साध्या आणि एक पादेलोणाची. खड्याच्या रूपात आणून लागेल तेवढे कुटावे, पूड करून ठेवली की दोन-तीन महिन्यांत नुसता खारटपणा उरतो.

वाळवणे आणि सुके मासे

कुरडया, सांडगे, ताकातल्या मिरच्या यांत मीठ किती घालावे, याबद्दल एकच सांगण्यासारखे आहे. पाणी उडून जाते, मीठ जात नाही. कुरडईचा चीक शिजवताना चाखून तो जेवणाइतका खारट लागला, तर तळलेली कुरडई खारट होणारच, म्हणून ओल्या पिठाची चव थोडी अळणीकडेच ठेवावी. पापडखार मात्र मिठाच्या डब्याशेजारी असला तरी मीठ नाही. तो सज्जीखाराच्या जातीचा, अल्कधर्मी क्षार असतो, आणि तो कमी पडला म्हणून जास्त मीठ घालून पापड फुलत नाही.

खारे मासे घरी, विशेषतः फ्लॅटमध्ये, करण्याचा सल्ला मी देणार नाही, पण विकत घेताना पाहायचे ते हे : खारा बांगडा कडक आणि कोरडा हवा, वर मिठाचे पांढरे कण चालतील, गुलाबी किंवा लालसर चट्टे चालणार नाहीत, कारण खारातही वाढणाऱ्या जिवाणूंची ती खूण असते. सुके बोंबील आपल्याकडे बहुधा मीठ न लावता वाऱ्यावर आणि उन्हात वाळवतात, तेव्हा त्यांच्या रश्शात मीठ नेहमीसारखे लागते. खाऱ्या बांगड्याला ते लागत नाही, उलट तो तासभर भिजवून पाणी टाकून द्यावे लागते.

आयोडीन आणि रोजचे प्रमाण

मिठागरातले मीठ नैसर्गिक आहे म्हणून त्यात आयोडीन पुरेसे असेल, हा समज चुकीचा आहे. शेंदेलोणाचेही तेच. देशात २००६ पासून थेट खाण्यासाठी विकायच्या मिठात आयोडीन असणे बंधनकारक आहे आणि ते ग्राहकाच्या हाती पोहोचताना दर दहा लाख भागांत किमान १५ भाग असावे लागते. पदार्थ टिकवण्यासाठी वापरायच्या मिठाला या नियमातून सूट आहे. त्यामुळे घरातली वाटणी सरळ होते : रोजच्या भाजी-आमटीला आयोडीनयुक्त मीठ, झाकणाच्या डब्यात आणि चुलीपासून दूर ठेवलेले, आणि बरण्यांना खडे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. त्यात खाराची कैरी, पापड आणि ताक सगळे धरले जाते, म्हणून ज्या जेवणात खार असेल, त्या दिवशीची भाजी मी मुद्दाम अळणीच ठेवतो. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि खारासाठी तर ते वापरूच नये.

दसऱ्यापर्यंत बरणीतल्या कैऱ्या संपत येतात आणि तळाला वाटी-दोन वाट्या पाणी उरते. ते मोरीत ओतू नये आणि झाडांना तर मुळीच घालू नये, रोप मरते. गाळून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवले, तर चटणी वाटताना मीठ आणि आंबटपणा दोन्हींच्या जागी ते चमचाभर पुरते. बरणी मात्र गरम पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात पालथी घालून, चैत्रापर्यंत कोरडी ठेवावी.